बंद्या रुपयाएवढं कुंकू, सोळा आणे खरं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की जुन्या पैशाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि पत्रांचा एवढा ढीग येईल असं खरंच वाटलं नव्हतं. त्यातल्या निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे, "काका माझ्याकडे अमुक नोट आहे, किती लाख मिळतील?" त्या सगळ्यांना एकदमच सांगून टाकतो, लाख मिळणार नाहीत. ७८६ नंबरच्या नोटेचे नाहीत आणि वैष्णोदेवीच्या पाच रुपयाच्या नाण्याचेही नाहीत. "आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या, रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर सांगितलंय की असल्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही. आता बाकीच्यांकडे येऊ.

काका, आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत पितळी डब्यात चांदीचे १७ रुपये सापडले. राणीचं तोंड आहे आणि बहुतेकांवर १८६२ साल. आजी त्यांना "कलदार" म्हणायची. सोनार म्हणतो वितळवा, आणि एका व्हिडिओत ह्याच सालच्या नाण्याचे नऊ लाख सांगितलेत. काय करू? (एक वाचक, सातारा)

व्हिडिओ विसरा, आणि सोनाराचंही लगेच ऐकू नका.

१८६२ ची गंमत अशी आहे की त्या सालचे रुपये १८६२ मध्येच पाडलेले असतील असं नाही. टाकसाळीने पुढची बारा वर्षं, १८७४ पर्यंत, तेच साल ठेवून रुपये पाडले आणि कुठला कुठल्या वर्षीचा ते कळायला बारीक ठिपके देत गेले. त्यामुळे १८६२ चे रुपये गावोगावच्या डब्यांत सापडतात. तुमच्या ढिगात एखादा ठिपक्यांचा वेगळा प्रकार निघू शकतो म्हणून वितळवण्याआधी जाणकाराला दाखवा, पण नऊ लाखांची स्वप्नं नकोत. आणि कृपा करून चिंच किंवा पावडर लावून घासू नका, घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाही.

आता चांदी किती आहे ते सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला, वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागातले अकरा भाग चांदी. म्हणजे एका नाण्यात पावणेअकरा ग्रॅमला जरा कमी अशी शुद्ध चांदी येते. ११.६६ हा आकडा ओळखीचा वाटला का? हाच तोळा! आज सोनार दहा ग्रॅमला तोळा म्हणतो ते सोयीचं आहे, जुना तोळा म्हणजे एका रुपयाचं वजन. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे तराजूच्या एका पारड्यात ८० रुपये टाकले की दुसऱ्यात शेरभर साखर. वजनं हाताशी नसली तर रुपये टाकून तोलता यायचं. माझं आपलं मत असं आहे की आपल्याकडे रुपया जितका पैसा होता तितकाच माप होता, आणि पैसा म्हणून त्याची चांदी गेली तरी माप म्हणून तो भाषेत बसून राहिलाय. तुमच्या आजीचंच बघा, तिला विचारलं असतं कपाळावर कुंकू केवढं लावायचीस तर ती "बंद्या रुपयाएवढं" म्हणाली असती, तीन सेंटिमीटर नसती म्हणाली. बंदा म्हणजे मोड न केलेला, अख्खा. बरोब्बर तेवढाच होता तो, तीस मिलिमीटरच्या आसपास, मोजून बघा.

कलदार म्हणजे कळीवर, मशीनवर पाडलेला. त्याआधी रुपया हाताने ठोकायचे आणि गावागणिक रुपया वेगळा असायचा. चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी, पुण्याकडचा अंकुश उठवलेला अंकुशी, शिवाय सुरतेचा वेगळा, कुणाचं वजन उतरलेलं, कुणात भेसळ. त्यामुळे रुपया घेतला की आधी सराफाकडे जायचं, तो वाजवणार, पारखणार आणि त्या नाण्याची बाजारात जी किंमत असेल त्यातून आपली कसर कापणार. ह्या कसरीला बट्टा म्हणायचे. नावाला बट्टा लागतो तो हाच. पोतदार आडनाव पण ह्याच कामातलं, सरकारी खजिन्यात नाणी पारखून घेणारा माणूस. कलदाराने ही सगळी कटकट संपवली, म्हणून जुन्या बायकांना त्याचं एवढं अप्रूप. माझा सल्ला विचाराल तर दोन-चार ठेवा हो. लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायला पाहिजेतच की, आणि टेबलावर एकदा वाजवून बघा, खणखणीत हा शब्द कुठून आला ते कानाला कळेल.

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, अजून "त्यात बारा आणे तथ्य आहे" असं बोलतात. आणि नवे पैसे आले तेव्हा दुकानदारांनी आम्हाला लुबाडलं हे तर दर दिवाळीत ऐकवतात. खरंच लुबाडलं होतं का? आणि आणे जाऊन एवढी वर्षं झाली तरी भाषेतून जात का नाहीत? (डोंबिवलीच्या एक वाचक)

वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं म्हणणं पूर्ण खरं नाही पण बारा आणे खरंय!

तरुण मंडळींसाठी आधी हिशोब. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै, आणि "पै पै जोडून घर बांधलं" मधली पै ती ही. दोन आण्याची चवली, चार आण्याची पावली, आठ आण्याची अधेली. १ एप्रिल १९५७ ला हे सगळं मोडून रुपयाचे १०० "नवे पैसे" झाले. कायदा त्याआधी १९५५ मध्येच पास झालेला, तेव्हा अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख, पण नाणी बाजारात येईपर्यंत ते मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले होते.

आता लुबाडलं का ते बघू. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात आणि पाव पैशाचं नाणं नाही, मग सरकारी तक्त्यात एक आणा बरोबर ६, दोन आणे बरोबर १२, तीन आणे बरोबर १९ आणि चार आणे बरोबर २५. नीट बघा काय होतंय, चार आण्याची पावली एकदम दिली तर २५ पण तेच चार आणे सुट्टे एक-एक करून बदलले तर ६ चोक २४, एक पैसा गायब. पूर्ण रुपयाचे १६ आणे असे एकेक करून बदलले तर ९६ च हातात, चार पैसे गायब. उलट जुन्या एका पैशाचे दीड पैशाच्या वर काहीतरी होतात ते तक्त्यात २ धरले. म्हणजे लहान खरेदीत कोणीतरी एक जण पाव-अर्ध्या पैशाने मरणारच होता, आणि गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात मरणारा कोण असतो हे मी कशाला सांगू. एक पैसा म्हणजे काय मोठं असं आज वाटतं पण रोज आण्या-दोन आण्याचं सामान आणणाऱ्या घरात महिनाअखेर ते जाणवायचं. तेव्हा वडिलांचा राग खोटा नाही, फक्त दोष दुकानदारापेक्षा भागाकाराचा जास्त.

आणि भाषेतून आणे जात नाहीत त्याचं कारण मला वाटतं १६ ह्या आकड्यात आहे. सोळाचे अर्धे आठ, त्याचे अर्धे चार, मग दोन, मग एक, कुठेही तुकडा पडत नाही. शंभरचे करून बघा, पन्नास, पंचवीस आणि पुढे साडेबारा, अडकलात. आपलं डोकं पाव, अर्धा, पाऊण असंच चालतं, शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घ्यायचे ते उगाच नाही. आणि शेराचे पण १६ छटाक! म्हणजे एखादी वस्तू रुपयाला शेर असेल तर छटाकभर एक आण्याला, पावशेर चार आण्याला, भाव तीन रुपये झाला तर छटाक तीन आण्याला. शाळेचं तोंड न बघितलेली बाई बाजारात उभ्या उभ्या हिशोब करायची आणि दुकानदाराला चुकवू द्यायची नाही. पैसे बदलले आणि पाठोपाठ १९५८ पासून किलो-ग्रॅम यायला लागले, दोन्ही मापं एकदम हातातून काढून घेतली. दशमान सोपं असतं हे मान्यच, पण कुणाला सोपं? कागदावर लिहून हिशोब करणाऱ्याला. तोंडी करणाऱ्याला जुनंच सोपं होतं असं माझं ठाम मत आहे, ह्यावरून घरात माझी भांडणं झालेली आहेत.

१ जून १९६४ पासून "नवा" शब्द गेला, नुसता पैसा राहिला. मला स्वतःला आठवतं ते त्यानंतरचं तीन पैशाचं सहा कोनी अॅल्युमिनियमचं नाणं, एवढं हलकं की पाण्यावर हळूच ठेवलं तर तरंगायचं, त्यावर पैजा लागायच्या. २५ पैशाला मात्र शेवटपर्यंत कोणी पंचवीस पैसे म्हटलं नाही, चार आणेच. २०११ च्या जूनअखेर २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली तेव्हा कायद्याने चार आणे संपले. आठ आणे म्हणजे पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात बरं का, दुकानात देऊन बघा आणि दुकानदाराचं तोंड बघा.

म्हणी मात्र सगळ्या आहेत तिथेच आहेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अजून शिजतोय, सोळा आणे खरं अजून खरंच आहे. पंचवीस पैशाची कोंबडी म्हणून बघा, चव जाते की नाही?

शिवराई आणि होन यात फरक काय? आमच्या इथे एकाने "महाराजांच्या हातची शिवराई" म्हणून मला तीन हजाराला दिली. (कोल्हापूर)

तीन हजार गेले असं समजा, पण रागावू नका, पूर्ण ऐका.

होन सोन्याचा, शिवराई तांब्याची. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि स्वतःच्या नावाची नाणी आली. दोन्हीवर देवनागरीत एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसरीकडे "छत्रपति". बाकी बहुतेक सत्ता फारसीत नाणी पाडत होत्या त्या काळात ही अक्षरं फार मोठी गोष्ट होती. होन वजनाला जेमतेम पावणेतीन ग्रॅम, दक्षिणेतल्या जुन्या सोन्याच्या नाण्याचीच परंपरा, आणि खरे होन इतके थोडे आहेत की रस्त्यावर कोणी दाखवला तर तो खोटाच समजायचा.

शिवराईचं उलट आहे. ती महाराजांच्या नंतर पुढच्या छत्रपतींच्या, पेशव्यांच्या काळात कितीतरी टाकसाळींतून पडत राहिली, मजकूर तोच, फक्त अक्षरं वाकडीतिकडी, कुठे शिव चुकलेलं, कुठे छत्रपति अर्धवट. इंग्रज आल्यावरही खेड्यापाड्यांत ती चालत होती. म्हणजे तुमची शिवराई खरी असू शकते पण "महाराजांच्या हातची" असण्याची शक्यता फार कमी. विकणारा तुम्हाला नाणं विकत नव्हता, भावना विकत होता, आणि तिचा भाव वेगळाच असतो. पेशव्यांचे चांदीचे रुपये बघितले तर तुम्हाला धक्का बसेल, त्यावर फारसीत दिल्लीच्या बादशहाचं नाव आहे! कारण व्यापाऱ्याला ओळखीचा ठसा लागतो, अनोळखी ठसा दिसला की बट्टा वाढला.

एक गोष्ट मला फार आवडते. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील ऑक्झेंडन रायगडावर आला होता, तहाच्या कलमांत त्यांची एक मागणी अशी होती की आमची नाणी तुमच्या राज्यात चालली पाहिजेत. महाराजांचं उत्तर साधारण असं की तुमचं नाणं वजनाला आणि कसाला चोख असेल तर मी बंदी घालणार नाही, पण रयतेचा तोटा होईल असं नाणं घ्यायची जबरदस्ती तिच्यावर करणार नाही. पैशाचं इतकं सरळ धोरण मी आजवर दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि जाता जाता, घरात पुतळ्यांची माळ असेल तर ती नीट बघा. पुतळी मूळची व्हेनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या सोन्याच्या डुकाट नाण्याची नक्कल, त्यावर उभ्या माणसांच्या आकृत्या म्हणून आपण पुतळी म्हटलं. म्हणजे इटलीतले संत आपल्या आज्यांच्या गळ्यात!

सर, मी एमपीएससीचा अभ्यास करतेय. बाबासाहेबांनी रुपयावर प्रबंध लिहिला एवढं माहितीये पण त्यांचं म्हणणं काय होतं ते सोप्या भाषेत कोणी सांगत नाही. (एक विद्यार्थिनी, लातूर)

बाळा, बघ जमतंय का.

वर म्हटलं तसं रुपया म्हणजे चांदी. कोणीही टाकसाळीत चांदी नेऊन द्यायची आणि रुपये पाडून आणायचे. पण १८७० नंतर जर्मनी वगैरे देश चांदी सोडून सोन्याच्या चलनावर गेले, खाणींतून चांदी भरपूर निघायला लागली आणि चांदीचा भाव पडला. रुपया दोन शिलिंगच्या (बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड) आसपास होता तो घसरत सव्वा शिलिंगवर आला. सरकारला लंडनला पेन्शन, व्याज वगैरे पौंडात पाठवायचं असायचं, त्यामुळे तेवढ्याच पौंडांसाठी इथून जास्त रुपये वसूल करायचे. म्हणून १८९३ ला सरकारने टाकसाळीचे दरवाजे लोकांच्या चांदीसाठी बंद केले, आणि पुढे दर एक शिलिंग चार पेन्स म्हणजे पौंडाला १५ रुपये असा धरला. इथे रुपया बदलला हे लक्षात घे, आतली चांदी स्वस्त आणि वरचा आकडा महाग. चांदीवर छापलेली नोटच म्हण ना.

डॉ. आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी केलेला प्रबंध १९२३ मध्ये छापून आला. त्या काळात केन्ससारखे मोठे अर्थतज्ज्ञ ह्या व्यवस्थेची तारीफ करत होते आणि बाबासाहेबांनी सरळ विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडलं तर ते जास्तच पडणार आणि महागाई होऊन गरीब मरणार, पौंडाशी दर स्थिर आहे म्हणून खूश होऊ नका, बाजारात रुपयाला धान्य किती मिळतं ते स्थिर पाहिजे. म्हणून सरकारचा हात बांधा, रुपये पाडण्यावर पक्की मर्यादा घाला. १९२५ मध्ये भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. पुढे ह्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. व्हॉट्सअॅपवर येतं की बँक त्यांच्याच पुस्तकावरून काढली, परीक्षेत तसं लिहू नकोस. रुपयाकडे गिऱ्हाइकाच्या बाजूने बघणारा अर्थतज्ज्ञ एवढं लिहिलंस तरी त्यांचं मोठेपण पुरेसं दिसतं.

शारजात आमच्या बिल्डिंगखालचा म्हातारा अरब दुकानदार म्हणतो पूर्वी इथे रुपयाच चालायचा. फेकतोय का? (मूळ गाव चिपळूण)

अजिबात नाही. कुवेत, बहारीन, कतार, तुमचा सगळा भाग, तिथे भारतीय रुपयाच चालायचा. तिकडून रुपये देऊन सोनं इकडे यायला लागलं तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ ला आणि बहारीनने १९६५ ला आपापला दिनार काढला, आणि १९६६ च्या जूनमध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा बाकीचे पण एकेक करून बाहेर पडले. गोव्यात पोर्तुगीजांचा सुद्धा रुपयाच होता, रुपिया, त्याचे १६ टांगा, म्हणजे राजा वेगळा पण सोळा तेच. म्हाताऱ्याशी मैत्री ठेवा, त्याच्याकडे एखादी आखाती नोट असेल तर मला फोटो पाठवा.

आहेराच्या पाकिटावर एक रुपया चिकटवलेला का असतो? आणि एक रुपयाच्या नोटेवर "मैं धारक को" का नसतं? (पुणे)

पहिल्याचं उत्तर पुण्यातल्या कुठल्याही आजीला विचारा. ५०० दिले की हिशोब पूर्ण झाला, फिटला. ५०१ दिले की एक उरतो आणि संबंध पुढे चालू राहतो. म्हणून तेराव्याला मात्र वरचा रुपया देत नाहीत, बहुतेक घरांत असंच मानतात.

दुसरं जास्त मजेशीर आहे. बाकीच्या नोटा रिझर्व्ह बँक काढते, म्हणून गव्हर्नर वचन देतो की धारकाला एवढे रुपये देईन. एकाची नोट भारत सरकार काढतं, तिच्यावर अर्थ सचिवांची सही असते, आणि ती कायद्याने नाण्यासारखीच धरतात. शंभराच्या नोटेवर वचन शंभर रुपयांचं आहे, पण रुपयाच्या नोटेवर कशाचं वचन देणार, ती स्वतःच रुपया आहे! पहिली एकाची नोट ३० नोव्हेंबर १९१७ ला आली, महायुद्धात चांदी कमी पडली म्हणून. त्यानंतर लगेच अडीच रुपयांची पण काढली होती, दोन रुपये आठ आणे, १९२६ ला बंद केली. तेव्हाच्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या, १९२८ पासून नाशिकरोडला छापायला लागले.

नोट हातात आहेच तर मागच्या बाजूच्या भाषा मोजा, पंधरा आहेत, आठवी मराठी. वर सात, खाली सात.